पाटावरचं हत्यार

“आन् ते गळ्यातलं?” मामांनी विचारलं.

मी खाली बघितलं. निळ्या फितीला अडकवलेली पॅनलची किल्ली छातीवर लोंबत होती.

“ही किल्ली आहे मामा.”

“ती दिसतीय मला. तुमचं हत्यार हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

“आहे.”

“मग पाटावर ठिवा. समद्यांची हत्यारं बसली आन् तुमचं तेवढं उपाशी ऱ्हायाचं व्हय?”

खंडेनवमीची दुपार होती. पडद्यांच्या कोठाराच्या दारात आम्ही उभे होतो. आत पूजा आटोपली होती, आरती झाली होती, संस्थेचे सेक्रेटरी पेढा तोंडात टाकून घरी गेले होते. चौकीदार तर सणाचं निमित्त करून आदल्या दिवशीच गावाला पळाला होता. उरलो होतो आम्ही दोघं, सासरा आणि जावई. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरात ती जागा मामांनीच अडवून ठेवली होती.

मामा म्हणजे माझे सासरे, तातोबा जिनगर. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. त्यांच्या वडिलांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले आणि मामांनीही मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच केलं. दरबार, रस्ता, बाग, जंगल, नदीकाठ. पुढे कंपन्या मोडल्या आणि पडदे कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात जाऊन पडले. मामा वर्षानुवर्षं हिंडून ते गोळा करत राहिले. एके ठिकाणी जंगलाच्या पडद्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या सापडल्या. मामांनी त्या माणसाला नवीकोरी ताडपत्री घेऊन दिली आणि आपल्या बापाच्या हातचं जंगल सोडवून आणलं. शेवटी सांगलीतल्या एका संस्थेनं हे कोठार बांधलं आणि मामांना त्याचा राखणदार नेमलं.

कोठारातली आग विझवायची यंत्रणा मी बसवली होती. माझी नोकरीच ती. पडदा म्हणजे कापड, त्यावर सरस, त्यावर तेलरंग. काडी दाखवायचा अवकाश. पाणी मारावं तर आग विझेल आणि रंगही वाहून जाईल. म्हणून गॅस. मागच्या खोलीत लाल सिलिंडरांची रांग आणि छताला धुराचा वास घेणाऱ्या दोन चकत्या. एकीला वास लागला की घंटा वाजते. दोघींना लागला की भोंगा होतो, आणि अर्ध्या मिनिटानं सगळे सिलिंडर आपोआप मोकळे होतात. हा गॅस हवेला हुसकावून लावतो. हवा नाही तिथं आग नाही. माणूसही नाही.

हे सगळं मी मामांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

“म्हंजे आगीचा गळा दाबायचा,” मामा म्हणाले होते. “आन् मी आत असलो तर?”

“भोंगा झाला की तुम्ही बाहेर यायचं.”

“आन् न्हाई आलो तर?”

“तर मी दाराबाहेरचं हे पिवळं बटन दाबून धरीन. धरलंय तोवर गॅस सुटत नाही. सोडलं की मोजणी थांबली होती तिथून पुढं चालू.”

“किती येळ धरशीला?”

“तुम्ही बाहेर येईपर्यंत.”

मामा हसले होते. “मग तुमच्या अंगठ्याचं काय खरं न्हाई पाव्हणं.”

यंत्रणा हातच्या ताब्यात घ्यायची तर पॅनलला किल्ली लावून फिरवायची. मग गॅस आपणहून सुटत नाही. पूजेला माणसं आत होती तोवर मी तसंच ठेवलं होतं. सगळे बाहेर आल्यावर पॅनल पुन्हा ऑटोवर टाकलं, त्याला कुलूप लावलं, आणि नेमकं तेव्हा मामांचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं.

दुसरी किल्ली पुण्याच्या ऑफिसात होती. पण सणासुदीला सासऱ्याशी कोण वाद घालतो? मी फीत गळ्यातून काढून दिली. मामा आत गेले, किल्ली पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि समाधानानं बाहेर आले.

पाटावर काय नव्हतं! मामांचे कुंचले, त्यांच्या वडिलांचं सरस शिजवायचं भांडं, कात्री, दोराच्या कप्प्या. माझी पकड, पाना, स्क्रूड्रायव्हर, वायरचं भेंडोळं, चिकटपट्टीसुद्धा. दाराजवळचा हातात धरून मारायचा अग्निशामकही मामांनी उचलून पाटाशेजारी बसवला होता आणि त्याला भलामोठा हार घातला होता. मागे दरवर्षीसारखा जंगलाचा पडदा उलगडून सोडलेला. “वडील मागं, हत्यारं म्होरं,” असं मामा म्हणायचे. धूप जाळू नका एवढं मी हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं. निरांजन मात्र तेवत होतं. पूजेचा दिवा फुंकायचा नसतो, तो आपला आपण शांत व्हायचा. आणि पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत जागचं हलवायचं नसतं.

आम्ही व्हरांड्यात जेवायला बसलो. मालानं, माझ्या बायकोनं, डबा पाठवला होता. आमचं घर मागच्याच गल्लीत. ती संध्याकाळच्या पुरणाच्या तयारीला लागली होती. मामांनी खीर भुरकली आणि तेवढ्यात घंटा वाजली.

“तुमच्या यंत्राला भूक लागली वाटतं,” मामा म्हणाले.

मीही हसलो. निरांजनाची काजळी वर गेली असेल, असं वाटलं. हात न धुताच उठलो. पॅनलपाशी पोचतो न पोचतो तोच भोंगा सुरू झाला. पॅनलवरचे आकडे उतरायला लागले. मी सवयीनं गळ्यातली किल्ली चाचपली, मग एकेक खिसा, आणि ती पाटावर आहे हे आठवेपर्यंत आकडे सरत आले. मी पिवळ्या बटनावरची झडप उचलली आणि उजवा अंगठा दाबला. आकडे थांबले. फार थोडे उरले होते.

“मामा, किल्ली!”

“कुठली?”

“पाटावरची! ती लावल्याशिवाय हे बंद होणार नाही. मी बटन सोडलं तर गॅस सुटेल. मला इथून हलता येत नाही.”

मामा दाराकडे बघत उभे राहिले. “पुजलीय वं ती. उद्यापातूर हलवू ने.”

“मामा!”

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. मामांनी आकाशाकडे बघून हात जोडले, कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि दार उघडून आत गेले.

दार उघडलं तेव्हा मला धूर दिसला. काजळीचा नव्हे. खालून वर लोळत जाणारा, काळा, सरसाच्या जळकट वासाचा.

“मामा, मागं या! मामा!”

त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. दार आपोआप लागणारं होतं, ते लागायच्या आत मी पाय आडवा घातला. फटीतून बघितलं तर जंगलाचा पडदा खालच्या कडेनं पेटला होता. वारा लागून कड निरांजनावर आली असेल. मामा पाटाशी ओणवे झालेले दिसले. तेवढ्यात वरचा दोर जळून तुटला आणि पडद्याचा लाकडी वासा, त्याच्याबरोबर अर्धं पेटतं जंगल, खाली आलं.

“मामा!”

“हाय, हाय,” आतून आवाज आला. “पाय अडकलाय.”

“ओढून बघा!”

“वढतोय की. वासा हाय वं त्यो, काय उसाचं कांडं हाय?”

मी उभ्या जागी तडफडलो. दारापासून मामा काही लांब नव्हते. धावत गेलो असतो, वासा उचलला असता, खांद्यावर टाकून आणलं असतं. पण अंगठा काढला की आकडे संपणार, आणि मी वाशाला हात लावायच्या आत गॅस सुटणार. मग आम्ही दोघंही आत. त्या गॅससमोर दोन श्वासांत माणूस आडवा होतो. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, मीच लोकांना सांगत फिरत होतो.

बटन दाबलेलं राहील असं काहीतरी करायला हवं होतं. एखादी काडी, पाचर, वीतभर चिकटपट्टी. माझी पिशवी पायाशीच होती. डाव्या हातानं ओढून ती उपडी केली. आतून एक जुनं बिल आणि पेढ्याचा कागद पडला. सगळी हत्यारं पाटावर होती, फुलं वाहून घेऊन बसलेली. मी रुमाल बटनावर कोंबून बघितला. चप्पल टेकवून बघितली. अंगठ्याचा दाब जरा ढिला झाला की आकडा एकानं खाली यायचा, आणि मी पुन्हा दाबून धरायचो.

डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला. अग्निशमनवाल्यांना लावला. गाडी निघतेय म्हणाले, पण बाजारपेठ झेंडूच्या गाड्यांनी भरलीय, वळसा घालून यावं लागेल. मग मालाला लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला.

“अहो, हात पिठात आहेत माझे, काय आहे?”

“कोठारात ये. पळत ये. मामा आत आहेत.”

फोन तिथंच बंद झाला.

धूर फटीतून बाहेर यायला लागला होता. दार उघडं धरावं तर आगीला हवा मिळते. लावून घ्यावं तर मामांचा आवाज तुटतो. मी पाय तसाच ठेवला. खरं म्हणजे तो आवाज तुटू नये एवढंच मला हवं होतं.

“पाव्हणं,” मामांनी हाक मारली. “बटन धरलंय न्हवं तुम्ही?”

“धरलंय मामा. माला येतेय. जरा दम धरा.”

“सोडा ते.”

“काय?”

“सोडा म्हंतो बटन. आजून दरबार शाबूत हाय. बाग शाबूत हाय. निस्तं जंगल गेलंय. आत्ता सोडलं तर बाकीचं ऱ्हातंय.”

“तुम्ही आत आहात मामा!”

“मला दिसतंय मी कुठं हाय त्ये! सोडा!”

“किल्ली हाताला लागली असेल तर इकडं फेका!” मी ओरडलो. किल्ली आली नाही, आणि मी बटन सोडलं नाही.

“आवो, म्या म्हातारा मानूस. मी आज न्हाई तर उद्या जानारच. त्यास्नी मरान न्हाई, त्यास्नी का मारताय?” त्यांना खोकला आला. “नदीकाठ धरला बगा आगीनं. पाव्हणं, पाया पडतो. सोडा.”

सासऱ्यानं जावयाला पाया पडतो म्हणावं! मी रडत होतो. भिंतीला कपाळ टेकवून, अंगठा बटनात रुतवून, लहान पोरासारखा रडत होतो. बटन सोडलं तर मामा जाणार. धरून ठेवलं तर पडदे जाणार, आणि माला आली नाही तर मामाही जाणारच, जरा उशिरा आणि जास्त हाल होऊन. माझ्या हातात काहीच नव्हतं. होतं ते फक्त अंगठ्याखाली होतं, आणि तेही मला नको होतं.

“बाग गेली,” मामा म्हणाले. या वेळी ओरडले नाहीत. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं म्हणाले.

त्यानंतर नुसता खोकला. मग तोही थांबला.

“मामा? मामा, बोला काहीतरी. शिव्या द्या.”

माला आली ती अनवाणी, कोपरापर्यंत पिठानं भरलेली. दाराकडे झेपावली, तिला मी डाव्या हातानं धरलं.

“इथं अंगठा ठेव. माझ्या अंगठ्याला लावून. आता मी काढतो. काही झालं तरी सोडायचं नाही. मी सोड म्हणेपर्यंत नाही.”

“बाबा कुठायत?”

“आणतो.”

तिचा पिठाळ अंगठा माझ्या अंगठ्याखाली सरकला. मी नाकातोंडाला रुमाल बांधला आणि सरपटत आत गेलो. काही दिसत नव्हतं. वासा हाताला लागला, तो तापलेला होता. कसा उचलला ते सांगता येणार नाही. मामांना काखेत धरून मागं मागं ओढत आणलं, उंबऱ्याबाहेर काढलं, पायानं दार लोटून दिलं.

“सोड आता.”

माला बापाकडे बघत होती. तिला ऐकू गेलं नाही. मी तिचा अंगठा हातात घेऊन बटनावरून काढला.

आत घोंगावल्यासारखा मोठा आवाज झाला. दाराच्या काचेआड पांढरं धुकं भरलं आणि त्या धुक्यात लाल उजेड बघता बघता मालवला. सांगितलं होतं तस्संच. थेंबभर पाणी नाही, राडा नाही. इतक्या पटकन विझली की मला त्या यंत्राचा संताप आला.

मामांचा श्वास चालू होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती दवाखान्यात उघडली. आत किल्ली होती. तापलेल्या पितळेनं तळहातात आपला आकार काढला होता.

पडद्यांपैकी एक रस्त्याचा तेवढा वाचला, कोपऱ्यात सगळ्यांत मागं होता म्हणून. बाकी सगळं गेलं. कुंचलेही गेले.

मामांचा पाय बरा झाला, हात झाला नाही. बोटं आत वळली ती वळलीच. आम्ही त्यांना आमच्याच घरी आणलं. लोक भेटायला यायचे, देवानं वाचवलं म्हणायचे. मामा ‘व्हय’ म्हणायचे आणि भिंतीकडे बघायचे. डाव्या हातानं जेवणार नाही म्हणून हटून बसले. सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नव्हता. मग मालाच भरवायची. पण मी घरात नसताना किंवा दार लोटून घेऊन. जावयासमोर लेकीच्या हातून घास घ्यायचा नाही. मीही त्या वेळेला काहीतरी काम काढून बाहेर जायचो.

माझ्याशी त्यांनी तो विषय एकदाच काढला. मी त्यांच्या हाताला मलम लावत होतो.

“त्या दिशी ऐकू येत न्हवतं व्हय तुमाला?”

“येत होतं मामा.”

“समदं?”

“सगळं.”

त्यांनी हात मागं घेतला. पुढं कित्येक महिने आमचं बोलणं ‘चहा घ्या’ आणि ‘नको’ याच्या पलीकडे गेलं नाही. मला वाटायचं, त्यांनी एकदा मनसोक्त शिव्या घालाव्यात. पण ते घालत नव्हते.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. घरात पूजा मांडायचा विषय कुणी काढला नाही. मी माझी हत्यारांची पिशवी कपाटावर ठेवून दिली होती. दुपारी माला म्हणाली, “बाबा बोलावतायत.”

मामांनी खोलीत पाट मांडला होता. पाटाभोवती डाव्या हातानं काढलेली वेडीवाकडी रांगोळी. निरांजन नव्हतं. तबकात हळदकुंकू आणि झेंडूचं एकच फूल. पाट मोकळा होता.

“बसा,” मामा म्हणाले.

“हत्यारं आणू माझी?”

“नगं. आमची समदी जळाली. ह्या घरात हत्यार एकच ऱ्हायलंय.” आणि त्यांनी वाकड्या बोटांनी माझं मनगट ओढून माझा उजवा हात पाटावर ठेवला. “आंगठा जरा मोकळा सोडा.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं माझ्या अंगठ्याला हळद लावली, मग कुंकू. फूल नखावर ठेवलं, ते घरंगळलं, पुन्हा नीट ठेवलं. मग दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला. उजवा काही नीट जुळला नाही.

“मामा, नका असं करू.”

“गप ऱ्हावा. ह्यानं माजं समदं नेलं.” त्यांनी फूल पुन्हा मधोमध सरकवलं. “आन् मला तेवढं ठिवलं. काय म्हनायचं ह्येला, त्ये मला वरीसभर उमगलं न्हाई. मग म्हनलं, हत्यार हाय. हत्याराला काय इचारायचं? पुजायचं.”

डोळे पुसायला हात उचलायला गेलो तर त्यांनी मनगट दाबलं.

“अंहं. पुजलंय न्हवं? उद्यापातूर हलवायचं न्हाई.”

माला ताट घेऊन दारात येऊन थबकली. मी नेहमीसारखा उठून बाहेर जाईन म्हणून थांबली असेल. पण माझा हात पाटावर होता, हळदीकुंकवानं माखलेला, फुलासकट. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि जरा सरकून माझ्याशेजारी बसले.

“आन की,” ते म्हणाले. “भात गार व्हतोय. आज ह्यांचाबी हात न्हाई.”

माला समोर बसली. तिनं वरणभात कालवला आणि एक घास बापाला दिला, एक मला.